जावयाचे जन्मस्थळ: टीपीएस संपताना बेळगावच्या एका कुटुंबापुढील कायदेशीर पर्याय

बेळगावच्या अनगोळ भागातील एक गृहस्थ ८ जून २०२५ रोजी, रविवारी सकाळी, माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तीत जावयाच्या नावाचे जेवढे कागद घरात सापडले तेवढे सगळे होते. दोनच दिवसांपूर्वी, ६ जूनला, अमेरिकेच्या राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाली होती की नेपाळच्या नागरिकांना दिलेला तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा, म्हणजे ज्याला सगळे टीपीएस म्हणतात तो, ५ ऑगस्ट २०२५ रोजी संपेल. जावई नेपाळी, मुलगी आपली, नात तिकडची. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत आयुष्यभर पॅटर्नमेकर म्हणून काम केलेल्या त्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो असा: "मुलीचं तरी तिथं निभतंय ना? जावयाचं काय ते मग बघू की."

पुढील दोन महिन्यांत हा प्रश्न उलटा निघाला. मुलीचे तिथे कायमचे निभण्याची सर्वांत जवळची वाट जावयाच्या कागदांतूनच जात होती, आणि ती अडीच वर्षे उघडी असूनही कोणी तिकडे पाहिले नव्हते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी बेळगावात वकिली करतो. अमेरिकी कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. तो सल्ला तिथल्या परवानाधारक वकिलाने दिला, माझ्याकडे इकडचे कागद, प्रतिज्ञापत्रे आणि भाषांतरे होती.

वस्तुस्थिती

जावयाचे वडील सिंधुपाल्चोक जिल्ह्यातून बेळगावात आले ते कॅम्प भागात रखवालदारी करण्यासाठी. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी नागरिकाला इथे राहायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे या कुटुंबाचा इथला मुक्काम हा कधीच कोणाला प्रश्न वाटला नाही. मुलगा चार वर्षांचा असताना आईबरोबर इथे आला, मराठी शाळेत शिकला, इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून २०१२ मध्ये पदवीधर झाला. त्याच महाविद्यालयात त्याच्या मागे असलेली अनगोळची मुलगी पुढे त्याची बायको झाली. तो कानडीही आपल्यापैकी अनेकांपेक्षा बरी बोलतो. मात्र सोळाव्या वर्षी त्याने वडिलांच्या वंशाने नेपाळी नागरिकतेचे प्रमाणपत्र काढले होते आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो नेपाळी पासपोर्टवर, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेला.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मे रोजी त्याच पट्ट्यात दुसरा मोठा धक्का बसला. सिंधुपाल्चोक हा सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्याचे आईवडील तेव्हा गावी परतलेले होते. घर गेले, फीचे पैसे थांबले. २४ जून २०१५ रोजी अमेरिकेने नेपाळसाठी टीपीएस जाहीर केले आणि त्याने ठरलेल्या १८० दिवसांच्या मुदतीत नोंदणी केली. इथे एक बारकावा आहे जो दहा वर्षांनी कामी आला: त्याने आधी टीपीएस आणि काम करण्याचा परवाना हाती घेतला आणि मगच शिक्षण सोडून पूर्णवेळ नोकरी धरली. मधल्या काळात एकही दिवस तो दर्जाविना राहिला नाही.

टीपीएस ही १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने निर्माण केलेली सोय आहे. एखाद्या देशात युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा तत्सम असाधारण स्थिती असेल तर तिथल्या नागरिकांना, जे जाहीर दिवशी अमेरिकेत होते त्यांना, सहा ते अठरा महिन्यांच्या टप्प्यांनी राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळते. तिच्यातून ग्रीन कार्ड, म्हणजे कायम निवासाचा परवाना, आपोआप मिळत नाही. दहा वर्षे राहिले काय आणि वीस वर्षे राहिले काय, त्याने ती कायम होत नाही. नेपाळचे टीपीएस बंद करण्याची घोषणा एकदा एप्रिल २०१८ मध्येही झाली होती, पण खटल्यांमुळे ती अमलात आली नाही आणि २०२३ मध्ये ती मागे घेऊन मुदत २४ जून २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. बंदची सूचना उशिरा निघाल्यामुळे कायद्याप्रमाणे ६० दिवस द्यावे लागले आणि म्हणून ५ ऑगस्ट ही तारीख आली. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार तेव्हा नेपाळी टीपीएसधारक सुमारे १२,७०० होते, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी दरम्यान दुसऱ्या मार्गाने कायम निवास मिळवलेला होता.

मुलगी २०१६ मध्ये विद्यार्थी म्हणून गेली आणि ऑक्टोबर २०२० पासून एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरीत आहे. तिच्या कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली तेव्हा रांगेतील तिची तारीख, जिला प्रायॉरिटी डेट म्हणतात, जुलै २०२१ ची ठरली आणि पुढील वर्षी आय-१४० हा कंपनीने करायचा अर्ज मंजूरही झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोघांनी अमेरिकेतच नोंदणी पद्धतीने लग्न केले. डिसेंबरात बेळगावात येऊन अक्षता झाल्या. जावई त्यासाठी टीपीएसधारकांना मिळणारी प्रवासाची लेखी परवानगी काढून आला होता आणि जानेवारी २०२३ मध्ये तिच्याच आधारे परत गेला. २०२४ मध्ये त्यांना मुलगी झाली.

घरातल्यांना जे वाटत होते

त्या पिशवीबरोबर चार सल्लेही आले होते, आणि ते आमच्या भागात इतके सर्रास दिले जातात की त्यांची दखल घेणे भाग आहे.

नात अमेरिकेत जन्मली म्हणजे आईबापाचे काम झाले, हा पहिला. नात अमेरिकेची नागरिक आहे हे खरे. पण ती आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल ती वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०४५ मध्ये. आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि हा विषय त्यांनी स्वतःच सोडला.

दहा वर्षे राहिलेल्याला सरकार काढू शकत नाही, हा दुसरा सल्ला होता. याच्या मुळाशी निष्कासन रद्द करण्याची एक खरी तरतूद आहे, पण ती मागता येते ती इमिग्रेशन न्यायाधीशापुढे, निष्कासनाची कारवाई सुरू झाल्यावरच. दहा वर्षांचे सलग वास्तव्य आणि चांगली वर्तणूक तर दाखवावी लागतेच, शिवाय नागरिक किंवा कायम निवासी असलेल्या जोडीदाराला, आईवडिलांना किंवा अपत्याला असाधारण आणि अत्यंत अपवादात्मक हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावे लागते. वर्षाला अशा ४,००० प्रकरणांचीच मर्यादा आहे. ज्याच्यावर कारवाई झालेली नाही त्याने ती ओढवून घेऊन हे मागायचे, म्हणजे पोहता येते का हे पाहण्यासाठी विहिरीत उडी टाकण्यासारखे आहे.

तिसरा सल्ला एका एजंटाचा होता: आश्रयाचा अर्ज टाका, काही महिन्यांत कामाचा परवाना येतो, पुढचे पुढे. या सल्ल्याबद्दल मला सौम्य शब्द सुचत नाहीत. आश्रय मिळतो तो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटातील सदस्यत्व यांपैकी एखाद्या कारणाने छळाची साधार भीती असेल तर. भूकंप छळ करीत नाही. हा अर्ज अमेरिकेत पोहोचल्यापासून एक वर्षात करायचा असतो. टीपीएसचा काळ हा त्या मुदतीतील सूट मिळण्याचे कारण ठरू शकतो हे खरे असले तरी कारणच नसेल तर मुदतीची सूट काय कामाची? जाणूनबुजून रचलेला खोटा अर्ज ठरला तर त्या कायद्याखालील इतर सर्व लाभांची दारे कायमची बंद होतात, ग्रीन कार्डाचेही. एजंटाची फी मात्र आधीच गेलेली असते.

चौथा सल्ला गृहस्थांचा स्वतःचा होता आणि तो बेळगावच्या माणसालाच सुचेल असा होता. प्रकरण कोर्टात आहे ना, मग आहे तसेच चालू राहणार. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि इथली एक पिढी 'न्यायप्रविष्ट' या शब्दाच्या सावलीत म्हातारी झाली, त्यामुळे कोर्टात असणे म्हणजे जैसे थे राहणे हे समीकरण आमच्या हाडात मुरलेले आहे. अमेरिकेत तसे नसते. नेपाळ, होंडुरास आणि निकाराग्वा या तिघांच्या टीपीएससंबंधी कॅलिफोर्नियाच्या संघीय जिल्हा न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी समाप्ती १८ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. अनगोळमध्ये पेढे आणायचेच बाकी राहिले होते. २० ऑगस्टला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे तो दिलासा वीस दिवस टिकला. त्यानंतरही निकाल इकडून तिकडे फिरत राहिले. खटला आपल्या बाजूने असला तर उत्तमच, पण त्यावर विसंबून दुसरा अर्ज लांबवणे म्हणजे दुसऱ्याच्या पंचांगावर आपला मुहूर्त काढणे.

खरोखर हाती असलेले मार्ग

मुलीने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या वकिलाखेरीज दुसऱ्या, स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचा एक तासाचा वेळ विकत घेतला. कंपनीचा वकील हा कंपनीचा असतो, ही साधी गोष्ट आपली मुले बहुधा विसरतात. त्याने आय-१४० चे काम चोख केले होते. पण लग्न त्या मंजुरीनंतर झाले, कोणी त्याला कळवले नाही आणि त्यानेही नवरा कुठे जन्मला हे विचारले नाही. नव्या वकिलाचा दुसराच प्रश्न तो होता.

त्या प्रश्नामागचे गणित असे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला ठराविक वाट्यापेक्षा अधिक मिळत नाही आणि देश ठरतो तो नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थळावरून. या रांगा कुठवर आल्या हे दरमहा सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनच्या जुलै २०२५ च्या अंकात, मुलीच्या म्हणजे दुसऱ्या रोजगार श्रेणीत, भारतात जन्मलेल्यांची रांग १ जानेवारी २०१३ या तारखेवर उभी होती, म्हणजे त्याआधीची तारीख असलेल्यांचाच नंबर लागत होता, तर नेपाळ ज्यात मोडतो त्या बाकीच्या देशांची १५ ऑक्टोबर २०२३ वर. जुलै २०२१ ची तारीख घेऊन मुलगी भारतीय रांगेत उभी राहिली असती तर तिचा नंबर कधी लागला असता हे सांगायला ज्योतिषीच हवा. पण कायद्यात अशी तरतूद आहे की पती-पत्नींची ताटातूट होऊ नये म्हणून एकाच्या अर्जाची गणना दुसऱ्याच्या जन्मदेशाच्या वाट्यात करता येते. तिला क्रॉस चार्जेबिलिटी म्हणतात. मुख्य अर्जदार बायको असली आणि नवरा तिच्यावर अवलंबून असलेला अर्जदार असला तरी ती चालते. अट एवढीच की दोघांनी बरोबर अर्ज केले पाहिजेत आणि दोघेही स्वतंत्रपणे पात्र असले पाहिजेत.

म्हणजे ज्या जावयाचे 'मग बघू' होते त्याच्या सिंधुपाल्चोकच्या जन्मावर मुलीचे ग्रीन कार्ड ठरणार होते. शिवाय ही सवलत लग्नानंतर लगेच, २०२३ च्या आरंभीच घेता आली असती, कारण बाकीच्या देशांची रांग तेव्हाही जुलै २०२१ च्या पुढे गेलेली होती. हे सांगितल्यावर गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतील कागदांची चळत सरळ केली.

आता तारखेचा मुद्दा. नवऱ्याची पात्रता टीपीएस जिवंत असताना सर्वांत बळकट होती. टीपीएसच्या कलम २४४ मध्येच म्हटले आहे की दर्जा बदलण्यासाठी किंवा कायम निवासासाठी अर्ज करताना टीपीएसधारक हा वैध दर्जात असल्याचे मानले जाईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या सांचेझ निकालात स्पष्ट केले की टीपीएस मिळणे म्हणजे देशात रीतसर प्रवेश मिळणे नव्हे, आणि त्यामुळे मुळात बिनकागदी आलेल्या अनेकांचा मार्ग खुंटला. पण आपला जावई व्हिसावर, विमानतळावर शिक्का घेऊन आलेला होता आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रवासाच्या परवानगीवर पुन्हा रीतसर आत गेलेला होता. रोजगार श्रेणीत आणखी एक सूट आहे: शेवटच्या रीतसर प्रवेशानंतर दर्जाविना घालवलेले दिवस एकूण १८० पर्यंत असतील तर ते अर्जाच्या आड येत नाहीत. ५ ऑगस्टपासून मोजले तर हे दिवस १ फेब्रुवारी २०२६ ला भरतात. तेव्हा ५ ऑगस्ट चुकली तर सगळे संपले असे नव्हते. तरीही वकिलाने ती सूट खर्चायची नाही असे ठरवले, आणि मला ते योग्य वाटले. रांगेची तारीख कधी मागे सरकेल याचा नेम नसतो, आणि नवऱ्याचा कामाचा परवाना तर ५ ऑगस्टलाच संपत होता.

दुसरा मार्ग आधाराचा होता. बायकोच्या एच-१बी वर नवऱ्याला एच-४, म्हणजे अवलंबून असलेल्या जोडीदाराचा, दर्जा मिळावा म्हणून आय-५३९ हा अर्ज टीपीएस संपण्याआधी करायचा. तोही केला. कारण कायम निवासाचा अर्ज प्रलंबित असताना माणसाला थांबण्याची मुभा असते, बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात नाहीत, पण तो स्वतः एक दर्जा नसतो. अर्ज फेटाळला गेला तर खाली जमीन हवी. २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणपत्रानंतर अर्ज फेटाळल्यावर वैध दर्जा नसलेल्या व्यक्तीला थेट इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस निघण्याची शक्यता वाढली आहे, हे लक्षात घेतले तर एच-४ ही पैशाची उधळपट्टी ठरत नाही.

परत येण्याच्या पर्यायाचाही आम्ही नीट विचार केला, आणि तो लाजिरवाणा मानून नव्हे. १९५० च्या कराराने जावयाला बेळगावात राहण्यास, खासगी नोकरी करण्यास आजही अडचण नाही. नातीला आई भारतीय असल्याने परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड मिळू शकते. धोका एकच होता, तो उशिराचा. टीपीएस संपल्यावर १८० दिवसांहून अधिक, पण एक वर्षापेक्षा कमी काळ काही न करता तिथे राहून मग देश सोडला तर तीन वर्षे परत जाता येत नाही, एक वर्ष किंवा अधिक राहिले तर दहा वर्षे. जायचे तर वेळेत जायचे. अर्ज करायचा तर वेळेत करायचा. काही न करता बसून राहणे हा एकच पर्याय कोणत्याही बाजूने हिशेबात बसत नव्हता.

कागद

माझा भाग इथे सुरू झाला. अमेरिकेतील कागद मुलीकडे नीट लावलेले होते. दोघांची वैद्यकीय तपासणी झाली. २ डिसेंबर २०२४ पासून तिचा अहवाल अर्जाबरोबरच द्यावा लागतो. जावयाची क्षयरोगाची रक्तचाचणी, आपल्याकडच्या पुष्कळांची येते तशी, पॉझिटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ निघाला, आणि त्यात आठ दिवस गेले. माणशी १,४४० डॉलर मुख्य अर्जाची फी, शिवाय बाकीचे.

मुलीचा जन्मदाखला महानगरपालिकेचा, कानडीत. जुन्या प्रतीवर बेळगाव, नव्या प्रतीवर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलले. पासपोर्टवर जुने इंग्रजी नाव. अमेरिकी अधिकाऱ्याला ही दोन वेगळी गावे वाटू शकतात. नावबदलाचा एका परिच्छेदाचा खुलासा आणि इंग्रजी भाषांतर जोडले. भाषांतराबाबत इथल्या लोकांची समजूत अशी की शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का आणि गोल सील यांशिवाय परदेशात काही चालत नाही. अमेरिकी नियमाला हवे असते ते फक्त संपूर्ण भाषांतर आणि ते अचूक आहे व आपण दोन्ही भाषा जाणतो असे भाषांतरकाराचे सहीचे प्रमाणपत्र. गृहस्थांनी तरीही शिक्का मारून घेतला. मी विरोध केला नाही.

खरी अडचण त्यांनी सर्वांत वर ठेवलेल्या कागदात होती. तो जावयाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. "हा घ्या भक्कम पुरावा," असे म्हणून त्यांनी तो पुढे केला, कारण त्यावर लिहिले होते: जन्मस्थळ बेळगाव, जन्मतारीख १ जून १९९०. जावई आपल्याच गावचा, हे नातेवाइकांना दाखवण्यासाठी त्यांनी तो लग्नाच्या वेळी जपून ठेवला होता. या दाखल्यावर विश्वास ठेवला तर जावई भारतात जन्मलेला ठरत होता आणि मुलीची रांग पुन्हा १ जानेवारी २०१३ वर जाऊन उभी राहत होती.

अशा वेळी सोयीचा कागद ठेवून गैरसोयीचा लपवायचा मोह होतो. म्हणून आधी खरे काय ते पाहिले. दाखल्यावरची १ जून ही तारीख आमच्या पिढीच्या कोणालाही पुरे सांगून जाते: शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख आठवायची नाही, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या गावच्या हजेरीपटावर निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला असायचा. जन्मस्थळाच्या रकान्यातही त्याच हाताने राहते गाव भरले होते. उलट जावयाच्या नेपाळी जन्मदर्ता, म्हणजे जन्मनोंदणीच्या, प्रमाणपत्रावर गाव सिंधुपाल्चोकचे आणि जन्म विक्रम संवत २०४७ च्या कार्तिकातील, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९० मधील. नागरिकतेचे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि २०१३ च्या व्हिसाचे अर्ज हे सगळे त्याच्याशी जुळत होते. कमजोरी एवढीच की जन्माची ती नोंद सोळा वर्षांनी, नागरिकता काढताना, केलेली होती, आणि उशिराच्या नोंदीकडे अमेरिकेत संशयाने पाहिले जाते.

त्याला उपाय प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींच्या प्रतिज्ञापत्रांचा. आई हयात आहे आणि गावीच आहे. दुसरी व्यक्ती बाळंतपणाला हजर असलेली तिची नणंद. व्हिडिओ कॉलवर मी त्या माउलीशी बोललो. बेळगावात वीस वर्षे काढल्यामुळे ती अजून मराठी समजते. जन्म कुठे झाला असे विचारल्यावर तिने फोन उचलून अंगणापलीकडे धरला आणि भूकंपात पडलेल्या जुन्या घराचे दगडी जोते दाखवले, नव्या घराला लागून, त्यावर मका वाळत घातलेला. "यहीं," एवढेच ती म्हणाली, हिंदीत. त्यावरून तयार केलेला मजकूर तिच्या गावाकडच्या वकिलाने नेपाळीत वाचून दाखवला, तिने अंगठा उठवला, आणि इंग्रजी भाषांतर जोडले गेले.

शाळेच्या दाखल्याचे काय करायचे, हा निर्णय अमेरिकेतील वकिलाचा होता. तो मागितला जात नाही, पण पुढे मुलाखतीत शाळा कुठे, गाव कोणते असे विचारले गेले तर उत्तर आधीच्या कागदाशी जुळले पाहिजे. त्याने जावयाच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात चौथ्या वर्षी बेळगावात येणे, शाळेतील नोंद आणि तिचे कारण हे तीन वाक्यांत सरळ लिहून टाकले आणि दाखल्याची प्रतही जोडली. सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला. जोखीम विनाकारण का घ्यायची, असा त्यांचा प्रश्न होता, आणि वकिलांमध्येही यावर दोन मते निघतील. माझे मत, ज्या अर्जाचा सगळा भार एका जन्मस्थळावर आहे त्यात त्या जन्मस्थळाविरुद्धचा एकमेव कागद दुसऱ्याने शोधून काढण्यापेक्षा आपण दिलेला बरा, असे आहे.

सद्यस्थिती

दोघांचे कायम निवासाचे आय-४८५ अर्ज, कामाचे आणि प्रवासाचे परवाने आणि जावयाचा एच-४ साठीचा अर्ज हे सगळे जुलैच्या चौथ्या आठवड्यात पोहोचले आणि पावत्या ५ ऑगस्टच्या आधी आल्या. ५ ऑगस्टला जावयाचा जुना परवाना संपला. ३१ जुलैच्या आदेशाने तो चालू राहतो की नाही याबद्दल त्याच्या कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि वकील यांचे एकमत होईना, तेव्हा त्याने बिनपगारी रजा घेतली; सव्वादोन महिने घर मुलीच्या एकटीच्या पगारावर चालले. तो काळ अनगोळमध्ये रोज रात्री साडेनऊच्या कॉलवर मोजला जात होता. ऑक्टोबरच्या मध्यावर प्रलंबित अर्जाच्या आधारावरचे कामाचे कार्ड आले, पाच वर्षांच्या मुदतीचे. ५ डिसेंबर २०२५ पासून अशा कार्डांची कमाल मुदत १८ महिन्यांवर आणली गेली आहे, म्हणजे इथेही सात आठवड्यांनी वाचले.

एच-४ चा अर्ज पुढे मंजूर झाला. ग्रीन कार्डांचे अर्ज हे लिहीपर्यंत प्रलंबित आहेत. जन्मस्थळाबाबत अजून एकही विचारणा आलेली नाही. येईल तेव्हा देण्याची कागदांची दुसरी प्रत माझ्या कपाटात आहे. गृहस्थ मध्यंतरी पुन्हा येऊन गेले, शाळेच्या दाखल्यावरचे जन्मस्थळ आता दुरुस्त करून मिळेल का हे विचारायला. शाळेत जाऊन आले होते. तिथल्या कारकुनाने जुनी वही काढून दाखवली. जावयाच्या नावाच्या वर आणि खाली, पानभर, एकच तारीख होती. सध्या काही दुरुस्त करू नका, असे मी त्यांना सांगितले. प्रतिज्ञापत्रात जी नोंद चुकीची म्हणून सांगितली आहे ती मूळ वहीत तशीच असलेली बरी.